कारखाना ‘ऑटो’ला टाकतात तेव्हा

साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये सगळ्यात वर एक जाड पोलादी ड्रम आडवा बसवलेला असतो. खाली भट्टीत चिपाड जळतं. भट्टीच्या भिंतींना लावलेल्या नळ्यांतून पाणी फिरतं, उकळतं, आणि वाफ या ड्रममध्ये गोळा होऊन पुढे टर्बाइनकडे जाते. ड्रममध्ये खाली पाणी, वर वाफ. पाण्याची पातळी साधारण मध्यावर राहायला हवी, फार तर चार बोटं इकडेतिकडे. ती फार खाली गेली तर नळ्यांना पाणी पुरत नाही, आणि आत पाणी नसलेली नळी बाहेरच्या आगीपुढे फार वेळ टिकत नाही. मऊ पडते आणि फुटते. पातळी फार वर गेली तर वाफेबरोबर पाण्याचे थेंब टर्बाइनमध्ये शिरतात आणि मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पात्यांवर आदळतात. गळीत हंगाम संपेपर्यंत रात्रंदिवस ही पातळी कुणीतरी सांभाळायची असते.

पूर्वी हे काम माणूस करायचा. ड्रमला लावलेल्या काचेच्या नळीत पातळी दिसायची. ती बघत बॉयलरवाला फीड वॉटरच्या व्हॉल्व्हचं चाक थोडं उघडायचा, थोडं मिटायचा. आज पातळी मोजणारा ट्रान्समीटर असतो, त्याचा आकडा वाचणारा कंट्रोलर असतो आणि त्याच्या हुकमावर हलणारा व्हॉल्व्ह असतो. कंट्रोल रूममध्ये पाळी बदलताना ‘ड्रम लेव्हल ऑटोला आहे’ एवढंच सांगितलं की नव्या ऑपरेटरला कळतं, हे चाक आपल्याला फिरवायचं नाही.

औद्योगिक स्वयंचलन म्हटलं की वर्तमानपत्रं पिवळ्या हाताच्या यंत्रमानवाचा फोटो छापतात. पण जगातलं बहुतेक स्वयंचलन या ड्रमसारखं आहे. त्याला चेहरा नाही, हात नाहीत, फोटो काढण्याजोगं काहीच नाही. मोजायचं, हवं तितकं आहे का ते ताडून बघायचं, फरक कमी होईल असं काहीतरी करायचं, आणि पुन्हा मोजायचं. या चार पायऱ्यांत सगळ्यात नाजूक पायरी पहिली आहे, आणि कारखान्यांतले मोठे घोटाळे बहुधा तिथेच होतात. पण ते पुढे.

या चक्राचं, म्हणजे कंट्रोलच्या ‘लूप’चं, पहिलं गाजलेलं यंत्र जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनावर १७८८ च्या सुमारास बसलं. इंजिन वेगाने फिरायला लागलं की दांड्याला टांगलेले दोन जड गोळे बाहेर फाकायचे आणि त्यांना जोडलेला दांडा वाफेची झडप थोडी मिटायचा. वेग कमी झाला की गोळे खाली यायचे आणि झडप उघडायची. कल्पना पवनचक्क्यांतली, वॉटने ती इंजिनावर आणली. वेग सांभाळणारे हे ‘गव्हर्नर’ पुढे हजारोंनी बसले आणि त्यांतल्या काहींना एक खोड जडलेली दिसली. वेग स्थिर होण्याऐवजी ते सतत वर-खाली डोलत राहायचे. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ साली यावर एक निबंध लिहिला आणि असं डोलणं केव्हा आपोआप शमतं आणि केव्हा वाढत जातं, याचं गणित मांडलं. विद्युतचुंबकत्वाची समीकरणं मांडणारा हाच मॅक्सवेल. आजही आपल्याकडे कारखान्यात व्हॉल्व्ह उगाच उघडमीट करत राहिला की ‘हंटिंग करतोय’ म्हणतात. ती तक्रार मॅक्सवेलच्या काळापासूनची आहे.

चांगला कंट्रोलर कसा वागतो, हे नेमकं सांगितलं निकोलस मिनॉर्स्की या रशियातून अमेरिकेत आलेल्या अभियंत्याने. अमेरिकी नौदलाची जहाजं आपोआप दिशा धरून चालावीत, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. मुरलेला सुकाणूधारी काय करतो, तिथून त्याने विचार सुरू केला. जहाज ठरलेल्या दिशेपासून किती ढळलं आहे, तेवढंच तो बघत नाही. जहाजाचं नाक किती वेगाने वळतंय, हेही त्याच्या लक्षात असतं. त्यामुळे दिशा जवळ येत असतानाच तो सुकाणू सैल करतो. शिवाय वारा एकाच बाजूने दाबत असेल तर आपण सारखे थोडे उजवीकडेच राहतोय, हे काही वेळाने त्याला उमगतं आणि तो सुकाणू तेवढा कायमचा तिरका धरून ठेवतो. आत्ताची चूक, साठत आलेली चूक आणि चुकीचा वेग या तिन्हींना आपापलं वजन देऊन त्यांच्या बेरजेइतकं सुकाणू वळवायचं. १९२२ साली मिनॉर्स्कीने हे गणितात मांडलं, आणि ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर त्याच्या चाचण्या झाल्या. नौकेवरच्या लोकांना हे यंत्र आवडलं नाही. सुकाणू हातातून जाणं कुणाला आवडतं?

या तीन घटकांच्या कंट्रोलरला आज पीआयडी म्हणतात. साखर, औषधं, रंग, खतं, कागद, वीज, दूध, पेट्रोल, काहीही बनवणाऱ्या कारखान्यात तो भेटतो. पंचाहत्तर सालच्या आसपास हनीवेल आणि योकोगावा या कंपन्यांनी शेकडो पीआयडी एका संगणकीय यंत्रणेत गुंफले आणि भिंतभर पसरलेल्या गोल तबकड्यांची जागा पडद्याने घेतली. आतलं गणित मात्र तेच राहिलं. तिन्ही घटकांची वजनं किती ठेवायची, हे मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं. त्यासाठी १९४२ साली झिग्लर आणि निकल्स या दोघांनी दिलेली युक्ती अजून शिकवतात: आधी फक्त पहिला घटक ठेवून त्याचा जोर वाढवत न्या, यंत्रणा एका लयीत डोलायला लागली की थांबा, आणि जोर साधारण निम्म्यावर आणा. मोठ्या बॉयलरवर हा प्रयोग कोणी मुद्दाम करत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता पुन्हा ड्रमकडे. नुसत्या पातळीवर चालणारा पीआयडी इथे लावला तर तो ऐन वेळी दगा देतो. आणि चूक त्याची नसते.

समजा, विजेची किंवा वाफेची मागणी एकदम वाढली. ड्रममधून वाफ जोराने बाहेर पडायला लागली, तसा आतला दाब खाली आला. दाब उतरला की पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि नवे बुडबुडे तयार होतात. चुलीवरचं दूध उतू जातं तेव्हा पातेल्यात दूध वाढलेलं नसतं, तसंच इथे पाणी वाढलेलं नसताना पातळी वर चढते. कंट्रोलरला फक्त पातळी दिसते. त्याला वाटतं पाणी जास्त झालं, म्हणून तो व्हॉल्व्ह मिटतो. म्हणजे ड्रममधून नेहमीपेक्षा जास्त पाणी वाफ होऊन चाललंय आणि नेमकं तेव्हाच आपण पाणी तोडलं. थोड्या वेळाने बुडबुडे बसतात, आणि खरी पातळी दिसते तेव्हा ती धोक्याच्या खुणेकडे निघालेली असते. उलटही होतं. गव्हाणीत ऊस अडकून मिल थांबली की वाफेची मागणी धपकन उतरते, दाब चढतो, बुडबुडे आकसतात, पातळी खोटीच खाली जाते, आणि कंट्रोलर नको असलेलं पाणी ओतायला लागतो.

जुन्या बॉयलरवाल्याला हे ठाऊक होतं. मिलचा आवाज बदलला की तो काचेतल्या पातळीवर लगेच विश्वास ठेवायचा नाही. कंट्रोलरला हे शहाणपण द्यायचं तर आणखी दोन गोष्टी मोजाव्या लागतात: दर तासाला किती टन वाफ बाहेर जातेय आणि किती टन पाणी आत येतंय. मग हिशेब सरळ होतो. जेवढी वाफ गेली तेवढं पाणी घाल. पातळीचा आकडा फक्त उरलेली बारीक तफावत मिटवायला वापर. याला थ्री एलिमेंट कंट्रोल म्हणतात. गेलं किती, आलं किती, शिल्लक किती. किराणा दुकानाचा गल्ला मोजणाऱ्याला यात नवं काहीच वाटणार नाही, पण हा हिशेब न ठेवल्याने काय होतं, त्याचं एक भयंकर उदाहरण पुढे येईल.

हा झाला स्वयंचलनाचा एक प्रकार: काहीतरी स्थिर ठेवणं. दुसऱ्या प्रकारात क्रम सांभाळायचा असतो. हे आधी, ते नंतर, आणि अमुक झालं नसेल तर तमुक होऊच द्यायचं नाही. याचं सगळ्यात छोटं रूप महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक विहिरीवर आहे. मोटरच्या स्टार्टरला एक हिरवं आणि एक लाल बटण असतं. हिरवं दाबलं की आतल्या कॉइलला वीज मिळते, कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि मोटर सुरू होते. बोट काढलं तरी मोटर चालूच राहते, कारण कॉन्टॅक्टर ओढला जाताना आपल्याबरोबर एक छोटा जोडसंपर्क मिटतो, आणि त्यातूनच कॉइलला वीज मिळत राहते. स्वतःला स्वतःच धरून ठेवणारी ही जोडणी वीज गेली की सुटते आणि वीज आली तरी आपोआप लागत नाही. यामागे हेतू आहे. वीज नाही म्हणून कोणी मोटरमध्ये हात घातलेला असेल तर वीज येताच मोटर फिरू नये.

रात्री-बेरात्री वीज येते म्हणून शेतकऱ्यांनी यावर ‘ऑटो’ बसवला. वीज आली की मोटर आपली आपण सुरू. एकेका विहिरीपुरतं पाहिलं तर अगदी सोयीचं. पण वीज येते तेव्हा एका रोहित्रावरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू व्हायला बघतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. रोहित्र जळतं आणि मग आठवडाभर कुणालाच पाणी नाही. ऑटो काढा आणि कपॅसिटर लावा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. प्रत्येक यंत्र स्वतःपुरतं बरोबर वागलं तरी सगळी मिळून यंत्रणा कोलमडू शकते, हे मोठ्या वीज ग्रिडच्या अभ्यासकांना लागू पडणारं तत्त्व आपल्या शिवारातही लागू पडतं. माझ्या मते दोष शेतकऱ्याचा कमी आणि रात्री वीज देणाऱ्या वेळापत्रकाचा जास्त आहे. दिवसा भरवशाची वीज मिळाली तर कोण कशाला ऑटो लावेल?

कारखान्यात पूर्वी स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरसारखे शेकडो छोटे रिले एका कपाटात बसवून क्रम सांभाळला जायचा. वाहन कारखान्यांची यामुळे दरवर्षी पंचाईत व्हायची. नवं मॉडेल आलं की ही कपाटं उघडायची, हजारो तारा सोडायच्या, पुन्हा जोडायच्या आणि मग न चालणारी एक तार शोधत बसायचं. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक या गिअरबॉक्स बनवणाऱ्या विभागाने रिलेंऐवजी काहीतरी इलेक्ट्रॉनिक हवं म्हणून मागणी काढली. त्याच वर्षी बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीतला डिक मॉर्ली अशाच यंत्रावर विचार करत होता. त्यातून जे यंत्र निघालं त्याचं नाव मॉडिकॉन ०८४, कारण तो कंपनीचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता. पीएलसी म्हणून आज जे ओळखलं जातं त्याचा हा पूर्वज.

त्या काळी संगणक थंड खोलीत ठेवायची वस्तू होती. मॉडिकॉनला पंखा नव्हता. बंद पेटीत, धूळ आणि हादरे सोसत ते यंत्रांच्या शेजारी उभं राहायचं. पण मला विशेष वाटतो तो दुसरा निर्णय. या यंत्राचा प्रोग्राम संगणकतज्ज्ञांसाठी लिहिलेला नव्हता. कारखान्यातले वायरमन रिलेंची आकृती जशी काढत, दोन उभ्या रेषा आणि त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ओळी, तशीच आकृती पडद्यावर काढायची की झाला प्रोग्राम. हिरवं बटण, लाल बटण, धरून ठेवणारा संपर्क, सगळं ओळखीचं. ज्यांना हे यंत्र रात्रपाळीत दुरुस्त करायचं होतं त्यांना नवं काही शिकायला लावलं नाही, म्हणून ते टिकलं. आज भोसरी, सातपूर किंवा वाळूजमधल्या कुठल्याही पॅनलवाल्याकडे जा. लॅपटॉपवर तीच शिडी दिसेल.

पीएलसी असो की पीआयडी, चांगल्या आणि वाईट स्वयंचलनातला फरक सगळं सुरळीत असताना कळतच नाही. तो काहीतरी तुटतं तेव्हा कळतो. आणीबाणीचं लाल बटण घ्या. सामान्य माणसाला वाटेल की ते दाबल्यावर ‘थांब’ असा संदेश जातो. असं केलं तर तार तुटलेली असताना बटण दाबूनही काहीच होणार नाही. म्हणून ते उलटं जोडतात: संदेश सतत चालू, बटण दाबलं की तुटतो. मग उंदराने तार कुरतडली तरी यंत्र थांबतंच. ट्रान्समीटरचंही तसंच. शून्य ते शंभर टक्के पातळी दाखवायला तो शून्यापासून नव्हे, तर ४ मिलिअँपिअर करंटपासून सुरुवात करतो आणि २० पर्यंत जातो. टाकी खरोखर रिकामी असेल तर ४ येतात. शून्य आला तर त्याचा अर्थ टाकी रिकामी असा होत नाही. तार तुटली किंवा ट्रान्समीटर मेला. ‘काही नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांतला भेद इतक्या स्वस्तात दुसऱ्या कोणी जपला असेल असं वाटत नाही.

डेअरीत याच विचाराची एक सुंदर झडप असते. दूध ७२ अंश सेल्सिअसला तापवून किमान १५ सेकंद त्याच तापमानाला ठेवलं की ते पाश्चराइझ झालं. हे १५ सेकंद एका लांब वळणदार नळीत जातात. नळीच्या शेवटी तापमान मोजतात आणि ते उतरलेलं दिसलं की झडप दूध पुढे न सोडता मागच्या टाकीकडे वळवते. ही झडप दूध पुढे सोडायच्या स्थितीत हवेच्या दाबाने धरून ठेवलेली असते. हवा गेली, वीज गेली, काहीही गेलं, की स्प्रिंग तिला मागे ओढते. म्हणजे बिघाडाचा निकाल नेहमी ग्राहकाच्या बाजूने. त्याहून बारीक विचार आधीच्या टप्प्यात आहे. तापलेल्या दुधाची उष्णता वाया जाऊ नये म्हणून ते पातळ पत्र्यांच्या पलीकडून वाहणाऱ्या कच्च्या थंड दुधाला तापवतं. एखाद्या पत्र्याला भोक पडलं तर? म्हणून पाश्चराइझ झालेल्या बाजूचा दाब मुद्दाम जास्त ठेवतात. गळती झालीच तर चांगलं दूध कच्च्यात जाईल. कच्चं चांगल्यात येणार नाही.

बाकीच्या उद्योगांची नुसती धावती ओळख पुरे. चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यांत फिरत्या भट्टीच्या आतला माल १४५० अंशांपर्यंत तापतो. तिथे आत डोकावता येत नाही, म्हणून बाहेरून अवरक्त किरणांनी भट्टीची पाठ सतत न्याहाळली जाते. एका जागी लाल डाग दिसला की आतली वीट निखळली. औषध कारखान्यात स्वयंचलनाचं अर्धं काम नोंदी ठेवण्याचं असतं, कारण औषध बरोबर बनलं एवढं पुरत नाही, ते तसं बनल्याचा पुरावा लागतो. चाकणच्या वाहन कारखान्यांतले वेल्डिंग करणारे यंत्रहात सगळ्यांनी पाहिलेले असतात. त्यांचा पूर्वज ‘युनिमेट’ १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात साच्यातून निघालेले तापते धातूचे भाग उचलायला उभा राहिला.

मागाबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी इथल्या साध्या मागावर कामगाराचं अर्धं लक्ष तुटणाऱ्या धाग्याकडे असतं, कारण धागा तुटून माग चालत राहिला तर पुढचं कापड खराब. जपानमध्ये साकिची टोयोडा याने १८९६ साली बनवलेल्या यंत्रमागात आडवा धागा संपला किंवा तुटला की माग आपोआप थांबायचा. १९२४ च्या त्याच्या ‘जी’ मागाने न थांबता धोटा बदलायची सोयही दिली. उभ्या धाग्यांसाठीची युक्ती तर फारच साधी: प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक बारीक पट्टी अडकवलेली असते, धागा तुटला की पट्टी पडते, संपर्क होतो, माग थांबतो. टोयोडाच्या मुलाने पुढे मोटारी बनवायला घेतल्या आणि ‘दोष दिसला की यंत्राने स्वतः थांबायचं’ हा नियम तिथे नेला. आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणजे न थांबणारं, अशी समजूत आहे. टोयोडाच्या हिशेबी थांबता येतं ते ऑटोमॅटिक. एका माणसाला अनेक माग सांभाळता येतात ते याच थांबण्यामुळे.

आता ते भयंकर उदाहरण. २३ मार्च २००५, टेक्सास सिटी, बीपी कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना. १७० फूट उंचीचा एक मनोरा दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू केला जात होता. तळाशी काही फूट द्रव ठेवायचा असतो, बाकी मनोरा वाफेसाठी. त्या दिवशी द्रव आत येत राहिला आणि बाहेर जाण्याची वाट कित्येक तास बंद होती. मनोरा जवळजवळ माथ्यापर्यंत, १५८ फुटांपर्यंत, भरला. कंट्रोल रूममधला आकडा या काळात काय सांगत होता? द्रव दहा फुटांच्या आत आहे आणि हळूहळू उतरतोय. पातळी मोजणारं साधन तळाच्या काही फुटांपुरतंच होतं, ते पूर्ण बुडाल्यावर त्याचं वाचन चुकत गेलं, आणि त्याचं कॅलिब्रेशनही (प्रमाणित मापाशी ताडून केलेली जुळवणी) बरोबर नव्हतं. धोक्याची सूचना देणारा वेगळा स्विच वाजलाच नाही. बाहेरची काच इतकी मळलेली होती की पातळी दिसत नव्हती. अखेर तापलेला द्रव वरच्या नळातून उसळून एका उघड्या धुराड्यातून बाहेर पडला, त्याच्या वाफेचा ढग पेटला, आणि १५ जण मेले, १८० जखमी झाले.

किती आत येतंय आणि किती बाहेर जातंय, हे दोन्ही प्रवाह मोजले जात होते. पण ते दोन वेगवेगळ्या पडद्यांवर दिसत होते, आणि त्यांची वजाबाकी करणारं काही नव्हतं. साखर कारखान्यातल्या बॉयलरचा थ्री एलिमेंट कंट्रोल क्षणोक्षणी जो हिशेब करतो, तोच इथे कोणी केला नाही. ऑपरेटर दमलेले होते, माणसं कमी होती, हे सगळं चौकशीत आलं. तरी मुळात पडद्यावरचा आकडा खोटा होता आणि तो खोटा आहे हे ओळखायची दुसरी वाट ठेवलेली नव्हती. याच कारणासाठी जोखमीच्या ठिकाणी एकाच गोष्टीला तीन ट्रान्समीटर लावतात आणि तिघांपैकी दोघांचं जुळेल ते खरं मानतात.

आकडा मुद्दाम खोटा करता येतो, हे २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या संगणकीय विषाणूने दाखवलं. इराणमधल्या नतान्झ इथल्या युरेनियमच्या सेंट्रिफ्यूजना चालवणाऱ्या पीएलसींमध्ये तो शिरला. यंत्रांना नुकसान होईल असं चालवायचं, आणि ऑपरेटरला मात्र आधी नोंदवून ठेवलेले सुरळीत आकडे दाखवत राहायचं, अशी त्याची रीत होती. पडद्यासमोरच्या माणसाला सगळं उत्तम चाललेलं दिसत होतं.

इथे माणसाचा प्रश्न येतो. स्वयंचलनाने नोकऱ्या जातात का? जातात. ड्रमचं चाक फिरवणारा गेला, रिलेंच्या तारा जोडणारे गेले, आणि गेलेल्यांच्या घरच्यांना ‘नव्या संधी’ ऐकवणं हा कोरडेपणा आहे. पण जे उरतात त्यांचं काम सोपं होतं, ही समजूत त्याहून चुकीची. लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली ‘स्वयंचलनातले विरोधाभास’ दाखवणारा एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं: सोपी कामं यंत्राला दिली की माणसाकडे फक्त अवघड आणि अवचित कामं उरतात; आणि ती करायला लागणारा हात तर रोजच्या सोप्या कामातच घडत असतो. वीस वर्षं ऑटोवर चाललेला बॉयलर एका रात्री मॅन्युअलला घ्यावा लागला, तर चाक फिरवायचा अंदाज कुणाला उरलेला असेल?

साखर कारखान्यातच याचं दुसरं टोक बघायला मिळतं. व्हॅक्यूम पॅनमध्ये साखरेचे दाणे वाढवणारा पॅनमन अधूनमधून आतला माल काढून काचेवर पसरतो, उजेडाला धरतो, दाणा कसा आहे, मध्ये बारीक भुकटी तर पडली नाही ना, हे बघतो, आणि रस किती सोडायचा ते ठरवतो. पॅन आपोआप चालवणाऱ्या यंत्रणा आल्या आहेत. त्या ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण, मोजतात, वाहकता मोजतात, रसाचा व्हॉल्व्ह सांभाळतात, आणि चांगल्या लावल्या तर वाफ वाचवतात. पण उसाची प्रत दिवसागणिक बदलते. शिळा ऊस आला की रसाचा स्वभावच बदलतो. जिथे या यंत्रणा नीट चालल्या आहेत तिथे पॅनमनला बाजूला काढून नव्हे, त्याच्याकडून शिकून त्या लावल्या गेल्या, असं माझं निरीक्षण आहे. मिनॉर्स्कीनेही सुरुवात सुकाणूधाऱ्यापासूनच केली होती.

छोट्या उद्योजकांना हल्ली प्रदर्शनांत यंत्रहात दाखवले जातात आणि कर्ज काढून ते घेण्याचा मोह होतो. आधी आपल्या शेडमध्ये काय मोजलं जात नाही, ते बघा. कॉम्प्रेसरची हवा किती गळते, भट्टी किती वेळ रिकामी तापते, मशीन दिवसातून किती वेळा आणि कशामुळे थांबतं. काही हजारांच्या मीटरने आणि एका छोट्या पीएलसीने जेवढा पैसा वाचतो तेवढा बऱ्याचदा यंत्रहाताने मिळत नाही. आणि घरात दहावी झालेलं, वस्तू उघडून बघायची सवय असलेलं मूल असेल तर आयटीआयमधला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स जरूर पाहा. कारखान्यातले आकडे खरे आहेत की नाहीत, हे तपासणारी माणसं तिथे तयार होतात.

एखाद्या कारखान्यात कधी जाणं झालं, आणि तिथल्या साहेबांनी मोठ्या पडद्यासमोर उभं करून सगळं कसं आपोआप चालतं ते अभिमानाने दाखवलं, तर पडद्यावरच्या एका आकड्याकडे बोट दाखवून दोनच गोष्टी विचारा: हा ट्रान्समीटर शेवटचा कधी कॅलिब्रेट केला, आणि हा लूप मॅन्युअलला घेऊन चालवलेला माणूस आज पाळीवर आहे का?